बापाचं पथ्य

मुलगा व्हायला हवा असेल तर नवऱ्याने नऊ महिने घरातली उष्टी भांडी घासावीत, असं आमचे शेजारी दत्तण्णा सांगतात. चेष्टेत नाही. चष्मा कपाळावर चढवून, डॉक्टरने गोळ्या लिहून द्याव्यात तसं सांगतात.

"सकाळची आणि रात्रीची. कुकर धरून. कामवाली असली तरी त्या नऊ महिन्यांत तिने भांड्याला हात लावायचा नाही. पहिली चपाती बायकोला, तीही गरम. तिच्याशी बोलताना आवाज चढवायचा नाही. चढला तर त्या दिवसाचं पथ्य गेलं."

"आणि बायकोनं काय करायचं?" कुणीतरी विचारतंच.

"काही नाही. पथ्य बापाचं."

बंगळुरात, बसवनगुडीतल्या या इमारतीत मी पंचेचाळीस वर्षं राहते आहे. चार पोर्शन आहेत. पुढचा माझा, मागचा दत्तण्णांचा, वर दोन. आम्ही दोघंही निपाणीकडचे, म्हणून ते मला अक्का म्हणतात. माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान आहेत, पण अक्का असं म्हणतात की मी त्यांना कडेवर घेऊन फिरवलं असावं. मी चौथी शिकले आहे. ते मॅट्रिक आहेत आणि ते विसरू देत नाहीत.

जन्मभर त्यांनी कंपाउंडर म्हणून काम केलं, आधी गावाकडे, मग इथे एका डॉक्टरांकडे. तेव्हा औषध बाटलीतून मिळायचं. बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवलेली असायची, पट्टीला खाचा असायच्या आणि एक खाच म्हणजे एक डोस. त्या पट्ट्या दत्तण्णा कापायचे. कागदाची घडी घालून कात्री अशी चालवायचे की एक खाच दुसरीपेक्षा केसभरही मोठी होत नसे. पुढे डॉक्टर गेले, बाटल्या गेल्या. पट्ट्या तेवढ्या राहिल्या. मुलगा पाहिजे म्हणून जो येईल त्याला दत्तण्णा अशी एक पट्टी देतात. सात दिवसांच्या सात खाचा. ती स्वयंपाकघरात भांडी घासायच्या जागेवर चिकटवायची. नवऱ्याने दिवसभराचं पथ्य पाळलं की रात्री एक खाच कात्रीने आतपर्यंत कापायची. दर सोमवारी येऊन नवी पट्टी न्यायची.

"पण खाच कापायचा अधिकार बाईचा," हे ते दोनदा सांगतात. "पुरुषानं कात्रीला हात लावला की औषध बाद."

लोक येतात. बँकेतले येतात, कंप्युटरवाले येतात. आनेकलहून दोन बस बदलून एक जोडपं आलं होतं. मुलगा झाला की पेढे आणतात. मुलगी झाली की तोंड पाडून येतात, तेव्हा दत्तण्णा म्हणतात, "पट्ट्या आणा." पट्ट्या येतात. एखादी खाच न कापलेली असतेच. नऊ महिने रोज भांडी घासणारा पुरुष मी तरी अजून पाहिलेला नाही. दत्तण्णा त्या खाचेवर बोट ठेवून नवऱ्याकडे बघतात, आणि सगळं घर नवऱ्याकडे बघायला लागतं.

हा सगळा भोंदूपणा आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. काही केलं नाही तरी निम्म्या वेळा मुलगाच होतो. एवढं चौथीतही कळतं. मला दोन मुलगे झाले. दुसऱ्याच्या वेळी सासूबाईंनी माझी दृष्ट काढली, जणू मी ते लोकरीचे विणून काढले होते. त्यातला एक के. आर. पुरमला असतो, एक आनेकलला. दोघंही बंगळुराच्या कडेलाच, आणि दोघंही येतात ते दिवाळीला. मुलगे कशाला पाहिजेत हे कुणाला विचारायचं असेल तर मला विचारावं.

थोरल्या सुनेच्या वेळी मी डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं होतं, हे कुणाच्या हातात असतं? त्या म्हणाल्या, "ठरतं ते बापाकडून, आजी. पण ठरवता बापालाही येत नाही." मला ते पटलं. घरी येऊन मी ते दत्तण्णांना ऐकवलं.

"हे मला फार वर्षांपूर्वीच कळलंय," ते म्हणाले. "ठरतं बापाकडून ना? मग पथ्य कुणाचं?"

"अहो, पण ठरवता येत नाही असंही म्हणाल्या त्या."

"तेवढं कशाला सांगायचं लोकांना?"

मी म्हटलं, तुम्ही खोटारडे आहात. ते म्हणाले, बरं. एवढ्यावर आमचं बोलणं संपलं.

त्यांची दुसरी तऱ्हा म्हणजे 'सरी' हा शब्द. बंगळुरात त्याच्याशिवाय कुणाचं पान हलत नाही. सरी म्हणजे ठीक आहे, बरं. भाजीवाली म्हणते सरी, दूधवाला म्हणतो सरी, आम्हीसुद्धा मराठीत बोलता बोलता सरी म्हणतो. दत्तण्णांना तो शब्द कानावर आला की राग येतो. एकदा मला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायला त्यांनी ऑटो थांबवला. कुठं जायचं ते सांगितलं. ऑटोवाला म्हणाला, "सरी सार, बन्नी." म्हणजे या, बसा. झालं! "सरी काय सरी? मनात नसेल तर नाही म्हण की! भांड माझ्याशी!" बंगळुरात ऑटोवाला पहिल्या बोलण्यात यायला तयार होतो हेच नवल. तोही यांनी घालवला. आम्ही चालत गेलो.

त्यांची बायको सुशीला होती तेव्हा पट्ट्यांचं आणि सरीचं हे खूळ नव्हतं. ती गेल्यावर सुरू झालं. म्हातारपणी माणसाला काहीतरी होतंच, असं मी धरून चालले.

आता वरच्यांचं सांगते. दोन वर्षांपूर्वी वरच्या एका पोर्शनमध्ये ऋचा आणि निखिल राहायला आले. नागपूरचे, दोघंही कंप्युटरवर काम करणारे. चार वर्षांची इरा नावाची मुलगी. ऋचाला परत दिवस राहिले तेव्हा निखिलची आई, कुसुमताई, नागपूरहून मदतीला आल्या. मदत म्हणजे सकाळ-संध्याकाळ "यंदा नातू पाहिजे बाप्पा" असं म्हणणं. बाकी बाई कामाला चांगली होती. येऊन महिना झाला नाही तोवर त्यांनी शेजारपाजारच्या बायकांकडून पाच-सहा कन्नड शब्द उचलले. नीरु म्हणजे पाणी, हालु म्हणजे दूध. गंडु म्हणजे मुलगा आणि हेण्णु म्हणजे मुलगी, हे तर पहिल्याच आठवड्यात.

चौथ्या महिन्यात त्या ऋचाबरोबर तपासणीला गेल्या. त्यानंतर वरच्या घरातून आवाज येईना. इराला गप्प बसवायचे तेवढेच आवाज. रविवारी सकाळी ऋचा माझा डबा परत द्यायला आली आणि दारातच उभी राहिली.

"आत ये की," मी म्हटलं.

"आजी, त्या दिवशी सोनोग्राफीनंतर नर्स आईंना काहीतरी बोलली. आई म्हणतात, तिने मुलगी आहे असं सांगितलं."

"असं सांगत नाहीत. भिंतीवर पाटी असते."

"मी तेच म्हटलं. त्या म्हणतात, मी माझ्या कानांनी ऐकलं. नागपूरला ओळखीच्या एक बाई आहेत, गुपचूप पाडून देतात. मंगळवारची तिकिटं बघतायत."

"आणि निखिल?"

"तो काहीच बोलत नाही. म्हणतो, आई एवढी म्हणते तर एकदा जाऊन येऊ."

"तुला काय पाहिजे?"

"मला बाळ पाहिजे."

"मग जाऊ नकोस."

"एवढं सोपं आहे का आजी?"

सोपं नव्हतं. पण मला दुसरं काय सांगता येणार होतं? ती वर गेली आणि मी मागच्या दारी जाऊन दत्तण्णांना हाक मारली. ते दाढी करत होते. सगळं ऐकून घेतलं, अर्ध्या गालावरचा साबण तसाच ठेवला आणि माझ्या आधी जिना चढले.

कुसुमताई मेथी निवडत होत्या. निखिल मोबाइल बघत होता.

"मी मागचा कंपाउंडर," दत्तण्णा म्हणाले. "नर्स काय म्हणाली? तिचा शब्द सांगा."

कुसुमताईंनी ऋचाकडे रागाने पाहिलं. मग म्हणाल्या, "हेण्णु म्हणाली. एकदा नाही, दोनदा. माह्या कानानं ऐकलं मी."

"नुसतं हेण्णु? पुढं काय?"

"हेण्णु तिन्नी का काय ते. मला तेवढाच शब्द समजला, अन् तेवढा पुरे झाला."

"हातानं काही दाखवलं?"

"दाखवलं ना. असं." त्यांनी पाची बोटं जुळवून तोंडाजवळ नेली.

दत्तण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. "कुसुमताई, तुमच्या नागपूरला मुली खातात काय हो?"

"काय बोलता जी?"

"तिन्नी म्हणजे खा. आणि ती हेण्णु म्हणाली नाही. हण्णु म्हणाली. हण्णु म्हणजे फळ. फळं खा म्हणाली! सून वाळलेली दिसली म्हणून पोरीनं दोनदा सांगितलं, आणि तुम्ही तिकिटं काढायला बसलात!"

ऋचा भिंतीला टेकली. हसावं की रडावं हे तिला कळत नव्हतं. मी खुर्ची पुढे सरकवली आणि म्हटलं, "आणि अशी कामं करणाऱ्याला तुरुंग आहे, करवून घेणाऱ्यालाही. मंगळवारी या घरातून कुणी नागपूरला निघालं तर मी पोलिसांत जाईन."

"तुम्ही कोण?"

"खालची."

कुसुमताईंनी मेथीची जुडी परत हातात घेतली. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "म्हणजे मुलगी आहे असं काही नाही. म्हणजे मुलगाही असू शकतो!"

आता हे खरं सांगतील, असं मला वाटलं. जे व्हायचं ते होऊन गेलंय, आता बदलणार नाही, तुम्ही गप्प बसा, एवढंच सांगायचं होतं. त्याऐवजी दत्तण्णांनी शर्टाच्या खिशातून पट्टी काढली.

"पाच महिने आहेत. पथ्य करायचं असेल तर सांगा. पण सुनेला या घरातून हलवायचं नाही. प्रवास झाला की पथ्य मोडलं." मग ते निखिलकडे वळले. "आणि तू रे? इतका वेळ तोंडात काय धरून बसलायस? हण्णु?"

जिना उतरताना मी त्यांना धारेवर धरलं. "खोटं बोललात तुम्ही. तिच्या डोक्यातलं मुलग्याचं भूत अजून पक्कं केलंत."

"मुलगा होईल असं मी म्हटलं का? आठवा, अक्का. आजवर कुणाला म्हटलंय का?"

मी आठवून पाहिलं. म्हटलं नव्हतं. आणि मंगळवारी कुणी नागपूरला गेलं नाही.

पुढचे पाच महिने आमच्या इमारतीला करमणूक होती. रात्री जेवणं झाली की वरून भांड्यांचा आवाज यायचा आणि कुसुमताईंचा. "काठावर घास! कढईचं बूड कोण घासणार, तुझा मॅनेजर?" स्वतःचा मुलगा भांडी घासतोय हे त्या बाईला आधी बघवत नव्हतं. पण नातवापायी तिने मन घट्ट केलं. आठ दिवसांत ती त्याच्या मागे उभी राहून चुका काढू लागली. ऋचा सोफ्यावर पाय वर घेऊन पपनस खायची आणि शेवटी येऊन एक खाच कापायची. कधी कधी हातात कात्री घेऊन मुद्दाम थांबायची. इराला ते इतकं आवडलं की ती आल्यागेल्याला विचारायची, "तुमच्याकडे आज खाच कापली?"

आणि झाली मुलगी.

दवाखान्यातून त्यांना घरी आणलं त्या दिवशी मी आणि दत्तण्णा वर गेलो. कुसुमताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी अजून बाळाला घेतलं नव्हतं. ऋचा खाटेवर होती. ती सासूच्या तोंडाकडे बघत होती. सासू आता काय बोलणार याची वाट बघत असलेल्या बाळंतिणीचा चेहरा मी बऱ्याच घरांत पाहिला आहे. सगळ्यांचा सारखाच असतो.

कुसुमताईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात दत्तण्णा म्हणाले, "पट्ट्या आणा."

ऋचाने सगळ्या पट्ट्या क्लिप लावून ठेवल्या होत्या. दत्तण्णा खुर्चीवर बसले आणि एकेक पट्टी उजेडाकडे धरून बघत गेले. घाई केली नाही.

"अकरा," ते म्हणाले. "अकरा खाचा शाबूत. निखिल, काय झालं होतं?"

"काका, ऑफिसमध्ये रिलीज होतं. ती दोन वीक्स पूर्ण..."

"इथंही रिलीजच होतं."

"अकरा दिवस!" कुसुमताई कडाडल्या. "मी मंदिरात गेले, भजनाला गेले, तेव्हा तू लोळत राहिला? माह्या डोळ्यामागं?" आणि खांद्यावरच्या टॉवेलने त्यांनी त्या एवढ्या मोठ्या पोराच्या पाठीत दोन तडाखे दिले. निखिल तिसऱ्याची वाट बघत उभा राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "आई, माझंच चुकलं. ऋचाला काही बोलू नकोस." दोन वर्षांत त्या मुलाच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं धड वाक्य.

राग सगळा तिकडे निघून गेल्यावर कुसुमताईंनी पदराला हात पुसले आणि बाळ उचललं. "नाक आमच्याकडचं आहे," त्या म्हणाल्या.

बाई काही सुधारली नाही. "पुढच्या वेळी नीट पाळ" असं मुलाला सांगूनच नागपूरला गेली. पण त्या दिवशी ऋचाला कुणी एक शब्द बोललं नाही. खाटेवर असताना पहिल्या दिवशी कोण काय बोललं, ते बाई मरेपर्यंत विसरत नाही. मला दृष्ट काढलेली आठवते, ती बरी गोष्ट असूनसुद्धा.

बारशाच्या दिवशी दत्तण्णा थोडा वेळ बसले आणि न जेवता निघून गेले. मी घुगऱ्यांची वाटी घेऊन त्यांच्याकडे गेले. ते बाहेरच्या खोलीत नव्हते म्हणून थेट स्वयंपाकघरात गेले. सुशीला गेल्यापासून मी तिथे पाय ठेवला नव्हता. ते भांडी घासत होते. एक ताट, एक पातेलं, एक कप. समोरच्या भिंतीवर पट्टी चिकटवलेली होती. सात खाचा, सातही शाबूत. शेजारी खिळ्याला कात्री.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"माझी."

"तुम्हाला या वयात मुलगा पाहिजे?"

ते हसले नाहीत. नळ बंद केला. "दुसरी मुलगी झाली तेव्हा आईनं सुशीलाला खाटेवरच सांगितलं, इथूनच माहेरी जा. तेव्हा आम्ही गावात होतो. मी दारात उभा होतो, अक्का. हे बापाकडून ठरतं, ते तिथल्या डॉक्टरांनी मला सांगितलेलं होतं. मला माहीत होतं. आई, हे माझ्याकडून आहे, एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हटलं. आठ महिने तिला आणायलाही गेलो नाही."

"मग?"

"मग गेलो. म्हटलं, चल. ती म्हणाली, सरी."

मी वाटी ओट्यावर ठेवली.

"त्यानंतर मरेपर्यंत तेच. बंगळूरला जाऊ? सरी. मुलींना या शाळेत घालू? सरी. एकदा भांडली नाही. तिनं भांडावं म्हणून मी मुद्दाम म्हणायचो, आमटीत मीठ कमी आहे. तर ती मीठ आणून ठेवायची."

सुशीलेचं ते सरी मी भिंतीपलीकडून वर्षानुवर्षं ऐकलं होतं. किती गुणाची बाई, असं मी माझ्या सुनांना सांगत होते. आम्ही दोघी रोज एकत्र भाजी आणायला जायचो. मला एकदाही कळलं नाही.

"चूक तुमची होती," मी म्हटलं.

"हो."

"आणि ही खाच कुणी कापायची?"

"अधिकार बाईचा. म्हणून तशीच राहते. सोमवारी नवी लावतो."

मी खिळ्यावरची कात्री काढून घेतली. मग घासलेला कप उचलून उजेडात धरला. बुडाशी चहाचं तपकिरी वर्तुळ तसंच होतं.

"हे घासलेलं आहे?"

"घासलंय की."

"डोळे तपासून घ्या. परत घासा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं. मग माझ्या हातातून कप घेतला आणि नळ सोडला.

"सरी," ते म्हणाले.

कप घासून होईपर्यंत मी कात्री हातात धरून उभी राहिले.